खुर्चीवरचा ठिपका

४ ऑगस्ट

दादा,

वाकून नमस्कार. पाठ धरलीय, म्हणून अर्धीच वाकले आहे, तेवढं गोड मानून घे.

गेल्या तीन महिन्यांत मी तुला अकरा वेळा फोन केला. दर वेळी वहिनीच घेते आणि दर वेळी तू नेमका अंघोळीला गेलेला असतोस. इतकी स्वच्छता लहानपणी तुझ्या अंगात नव्हती. जुनी स्कूटर विकण्यावरून मी वहिनीची बाजू घेतली म्हणून रुसला असशील, तर तो रुसवा थोडे दिवस बाजूला ठेव. काम तुझ्याशीच आहे.

यंदा मला कॉलेजात दुभाषी म्हणून घेतलंय. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला एक कर्णबधिर मुलगी आली आहे. प्राध्यापक बोलतात ते मी शेजारी उभी राहून हातांनी सांगते. ती हातांनी विचारते, ते मी तोंडाने विचारते. तिचं नाव तीळ. हनुवटीवर बोट टेकवलं की झालं, कारण तिथे खरंच तीळ आहे. आमच्यात प्रत्येकाला असं एक खुणेचं नाव असतं, आणि ते बहिऱ्या माणसानेच द्यायचं असतं. मागून मिळत नाही. माझं नाव म्हणजे कपाळावरची बट मागे सारणे. मला ते मिळायला चार वर्षं लागली होती.

आता क्वांटम सिद्धान्ताचे धडे सुरू झालेत आणि त्यातल्या एकाही शब्दाला खूण नाही. क्वांटम, फोटॉन, ऊर्जा पातळी, ऑर्बिटल, स्पिन. बोटांनी एकेक अक्षर दाखवत बसले तर तोवर प्राध्यापक फळा पुसून मोकळे. खूण आम्हीच तयार करायची, पण अर्थ कळल्याशिवाय ती करणार कशी? आणि मला त्यातलं काही कळत असेल तर शपथ. क्वांटमला मी ‘थोडंसं’ची खूण वापरली, चिमूट करून दाखवतात ती. तीळने लगेच विचारलं, मग त्याच्या निम्मं का चालत नाही? मी प्राध्यापकांकडे बघितलं, ते घड्याळाकडे.

तिला पुढे प्रयोगशाळेत काम करायचंय. पण पहिल्या सहामाहीत रसायनात नापास झाली तर तिला दुसऱ्या विषयाला घालणार, हे कॉलेजने आधीच लेखी दिलंय. तू छत्तीस वर्षं हाच विषय शिकवलास. फोनवर ये.

तुझी,
टिटवी


९ ऑगस्ट

टिटवे,

फोनवर येणार नाही. शास्त्र फोनवर शिकवायची गोष्ट नाही. माणूस नुसता हो हो म्हणतो आणि काही कळलेलं नसतं. पत्र लिहीत जा. तुझं अक्षरही सुधारेल.

चिमटीची खूण फेकून दे. क्वांटम म्हणजे थोडंसं नाही, सुटं नग. आत्ता मी या पाकिटावर तिकीट लावणार आहे. एक लावीन, दोन लावीन, पण दीड लावता येणार नाही. अर्धं फाडून लावलं तर पोस्टमास्तर पाकीट तोंडावर फेकतील. अणू ऊर्जा घेतो किंवा देतो ती अशीच, अख्ख्या तिकिटांत. प्रकाशाच्या एका तिकिटाला फोटॉन म्हणायचं. आणि तिकिटाची किंमत रंगावर असते: निळ्याचं महाग, लालचं स्वस्त. मुलीचा प्रश्न उत्तम होता हे तिला माझ्याकडून सांग. माझ्या वर्गात छत्तीस वर्षांत तो तिघांनी विचारला असेल.

मी रुसलेलो नाही. स्कूटर गेली ते बरंच झालं.

दादा


२३ ऑगस्ट

दादा,

तीळने तुझं पत्र माझ्या हातातून ओढून घेऊन स्वतःच वाचलं. मग जिभेला अंगठा लावल्यासारखं करून तो तळहातावर ठप्प दाबला. मला म्हणाली, चाटायचं काढून टाकू, नुसतं ठप्प ठेवू, वर्गात बरं दिसत नाही. तर तळहातावर ठप्प म्हणजे क्वांटम. ठप्प, ठप्प, ठप्प म्हणजे तीन. तोच अंगठा उचलून बोटं फाकवली की फोटॉन. पहिल्या बाकावरची मुलं आता पेन संपलं की एकमेकांना तीच खूण करून ‘अख्खं दे, अर्धं नको’ म्हणतात.

पुढच्याही झाल्या. आडवा तळहात ही पातळी, त्याच्यावर मूठ म्हणजे इलेक्ट्रॉन. सगळ्यात खालच्या हातावर मूठ टेकली की मूळ अवस्था. उडी मारून वरच्या पातळीवर गेली की उत्तेजित अवस्था. खाली पडताना बोटं फाकली की प्रकाश. काल संध्याकाळी बसथांब्यावर जुना पिवळा दिवा लागला आणि तीळने वर बघून मूठ पाडली, बोटं फाकली, पाडली, फाकली. शेजारचे गृहस्थ आमच्यापासून दोन पावलं लांब सरकले.

आता ऑर्बिटल. प्राध्यापक म्हणाले, इलेक्ट्रॉन जिथे असतो ती जागा. मी एका हाताची मूठ केली आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्याभोवती गोल गोल फिरवलं. छान जमली. ही तुला विचारायचीसुद्धा गरज पडली नाही.

टिटवी


२८ ऑगस्ट

टिटवे,

पातळीची खूण झकास आहे. एकच दुरुस्ती: मूठ दोन पातळ्यांच्या मध्ये कुठेही थांबता कामा नये, श्वास घ्यायलासुद्धा नाही.

स्पिनबद्दल लिहितो. एका ऑर्बिटलमध्ये जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन राहतात, तेही दोघांचा स्पिन उलट असेल तरच. हे मी मोठ्याने वाचत होतो, तर तुझी वहिनी म्हणाली, त्यात शिकवायचं काय आहे, आपण एका खोलीत तीस वर्षं तसेच राहतोय.

तुझ्या पत्राच्या शेवटच्या पानावर माझा चहा सांडला. ऑर्बिटलबद्दल काही लिहिलं असशील तर पुन्हा लिही.

दादा


३० सप्टेंबर

दादा,

पुन्हा लिहायचं राहून गेलं आणि त्याची शिक्षा दुसऱ्यालाच झाली.

परवा सहामाहीच्या चाचणीचा निकाल लागला. तीळला चाळीसपैकी अकरा. क्वांटम बरोबर, फोटॉन बरोबर, पातळ्या बरोबर. पण निम्मा पेपर ऑर्बिटलवर होता आणि तिथे तिने सगळीकडे सुबक वर्तुळं काढली, बाण दाखवले, इलेक्ट्रॉन आत्ता इथे, मग इथे, मग इथे. प्राध्यापकांनी लाल शाईने लिहिलंय, ‘हे कोणी शिकवलं?’ मी शिकवलं. माझ्या बोटाने. ते बोट मुठीभोवती गोल फिरत होतं आणि ती पोरगी माझ्या बोटावर विश्वास ठेवून अभ्यास करत होती.

तिने रागवायला हवं होतं. उलट मलाच पाणी आणून दिलं. मी घरी येऊन खूप रडले. सव्वीस वर्षं हे काम करतेय, चुकीचा निरोप कधी दिला नव्हता.

तिला एक संधी आहे. बारा नोव्हेंबरला फेरपरीक्षा, तोंडी. त्यात गेली तर विषय गेला. ऑर्बिटल म्हणजे नक्की काय ते मला अशा भाषेत सांग की माझे हात चुकणार नाहीत.

टिटवी


५ ऑक्टोबर

टिटवे,

आधी डोळे पूस. ही चूक तुझ्याआधी फार मोठमोठ्या लोकांनी केली आहे आणि त्यांना त्याबद्दल हारतुरे मिळाले. अणू म्हणजे छोटी सूर्यमाला हे चित्र माणसाच्या डोक्यातून काढायला फळाच फोडावा लागतो.

इलेक्ट्रॉन ठरलेल्या वाटेने फिरत नाही. तो अमुक क्षणी कुठे आहे हे आधी सांगता येत नाही. कुठे सापडण्याचा संभव किती, एवढंच सांगता येतं. आता माझ्या चष्म्याचं उदाहरण घे. तो मी कुठेही ठेवतो. वहिनीने वैतागून घराचा नकाशा काढलाय आणि जिथे सापडेल तिथे पेन्सिलने ठिपका देते. चार महिन्यांत एकशे बारा ठिपके झाले. माझ्या टेबलाच्या खणात ठिपक्यांची गर्दी आहे. खिडकीत बरेच, फ्रिजवर थोडे, बुटात दोन. शेजाऱ्यांकडे एकही नाही. उद्या चष्मा कुठे सापडेल हे वहिनी छातीठोक सांगू शकत नाही, पण शोधायला सुरुवात खणापासून करते. तो ठिपक्यांचा ढग म्हणजे ऑर्बिटल. चष्मा खणातून खिडकीत कुठल्या वाटेने गेला असं विचारायचं नाही.

आणि काही ढगांच्या आत एखादी अशी जागा असते जिथे ठिपका कधीच पडत नाही. तिला नोड म्हणतात. आमच्या नकाशात माझी खुर्ची आहे तशी. चहूकडे ठिपके, खुर्चीवर एकही नाही. नकाशाची नक्कल सोबत पाठवतो. पोरीला दाखव.

दादा


१४ ऑक्टोबर

दादा,

काम फत्ते. तीळने नकाशा भिंतीवर लावला आणि अर्धा तास नुसती बघत बसली. मग दोन्ही हातांची बोटं टिपटिप करत मुठीभोवती हवेत ठिपके देत गेली, जवळ दाट, लांब विरळ. गोल फिरणं नाही, वाट नाही. ही आमची ऑर्बिटलची खूण. नोडला त्याच ठिपक्यांत एक जागा बोटांनी हळूच चुकवायची. सगळ्या मिळून चौदा खुणा झाल्या.

आता नवी मागणी. प्राध्यापक म्हणतात, तोंडी परीक्षेत उत्तर मुलीचं की दुभाषी बाईंचं, हे मी कसं ओळखू? मागच्या वेळी बाईंचीच चूक झाली होती. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांना तिसरा माणूस हवा, ज्याला रसायन येतं आणि या खुणाही कळतात. तो शेजारी बसून पडताळेल. या चौदा खुणा आणि रसायन, दोन्ही येणारा माणूस अख्ख्या जगात एकच आहे आणि तो फोन वाजला की अंघोळीला जातो.

बारा नोव्हेंबर, सकाळी दहा. गाडी आदल्या दिवशीची पकड. तुझ्यासाठी खोली आवरून ठेवते.

टिटवी


१८ ऑक्टोबर

टिटवे,

येणं जमणार नाही. गुडघे दुखतात. शिवाय गच्चीची गळती काढायला गवंडी येणार आहे. दुसरं कोणीतरी बघ.

दादा


२२ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र चार ओळींचं आहे, त्यात दोन सबबी आणि एक सही. गुडघे तुझे दुखत असतील तर मागच्या महिन्यात टेकडीवरून वहिनीने तुझा फोटो पाठवला तो कोणाच्या गुडघ्यांवर चढून काढला होता? दुसरं कोणी नाही हे तुला ठाऊक आहे. एका मुलीचं वर्ष नाही, तिचा विषयच जायची वेळ आली आहे आणि तू गवंडी सांगतोस. मला तुझा राग आलाय आणि तो मी लपवणार नाही.

तीळला तुझं पत्र दाखवलं. तिने तो टेकडीवरचा फोटो मागून घेतला आणि मग तुझा पत्ता मागितला. काय लिहिणार आहे ते मला सांगायला तयार नाही.

टिटवी


२३ ऑक्टोबर

सर,

नमस्कार. मी तीळ. ताईंना हे पत्र दाखवलेलं नाही.

तुमच्या घराचा नकाशा माझ्या भिंतीवर आहे. मी तो रोज बघते, म्हणून काही गोष्टी दिसल्या. फोटोत तुमचा चष्मा दोरीने गळ्यात आहे. दोरीचा चष्मा हरवत नाही. सगळ्यात जास्त ठिपके खणात आहेत. चष्मा बंद खणात कोण ठेवतं? आणि खुर्चीवर एकही ठिपका नाही. ताई सांगतात, तुम्ही दिवसभर त्या खुर्चीवर बसून वाचता. चष्मा असता तर सगळ्यात दाट ठिपके तिथेच पडले असते.

म्हणून ती वस्तू चष्मा नाही. ती छोटी आहे. ती काढून ठेवायला तुम्हाला आवडतं. तुम्ही फोन घेत नाही.

माझं कानाचं पहिलं यंत्र मला सहाव्या वर्षी मिळालं. मीही ते बुटात लपवायचे. मला त्याचा काही उपयोग झाला नाही, कारण माझ्या कानांत ऐकायला काही उरलेलंच नव्हतं. तुमच्या कानांत उरलं असेल तर ते वापरा. ते खणात ठेवणं मला समजत नाही.

नोड तुम्ही मला शिकवलात. तुमच्या नकाशातला नोड म्हणजे तुमचा कान आहे.

मी तुम्हाला या असं म्हणणार नाही. पण मला रसायन सोडायचं नाही.

तीळ


२९ ऑक्टोबर

चि. तीळ हिला,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्या वेळी रागावलो. दुसऱ्या वेळी तुझ्या तर्कात खोट शोधली. तिसऱ्या वेळी ती सापडली नाही.

यंत्र मे महिन्यात घेतलं. घातलं की वर्तमानपत्राची घडीसुद्धा कडकड वाजते, आणि लोक मुद्दाम तोंड मोठं करून बोलतात, जणू मी दूधपितं बाळ आहे. तुझ्या ताईला सांगायची लाज वाटली. ती दिवसभर न ऐकणाऱ्यांसाठी राबते, त्यांत आणखी एकाची भर कशाला, असं वाटलं. शिवाय मी तिचा मोठा भाऊ आहे. लहानपणापासून तिला शांत बस म्हणत आलोय आणि आता ती कधी शांत बसली हेच मला कळत नाही.

तुझ्या प्राध्यापकांचा प्रश्न मला ऐकू आला नाही तर तुझं नुकसान होईल, ही भीती खरी आहे. तेरा दिवस आहेत. रोज यंत्र घालून सराव करीन. अकराला संध्याकाळच्या गाडीने येतो. हे पत्र ताईला दाखव. मला तोंडाने सांगायचा धीर नाही.

दादासर


१५ नोव्हेंबर

वहिनी,

दादा आज दुपारी तुझ्याकडे पोचेल आणि विचारलंस तर ‘झालं नीट’ एवढं सांगून पेपर उघडून बसेल. म्हणून सगळं मीच लिहिते. तू हे पाच महिने माझ्यापासून लपवलंस, त्याबद्दल भेटीअंती बोलू. खरं तर राग माझाच मला आलाय. दिवसभर मी याच कामात, आणि सख्खा भाऊ अकरा वेळा फोनवर आला नाही तरी मी स्कूटरचा विचार करत बसले.

परीक्षा छोट्या खोलीत होती. टेबलाच्या पलीकडे प्राध्यापक, अलीकडे तीळ, मध्ये मी, आणि माझ्या उजवीकडे दादा. प्राध्यापक मिशीत बोलतात. दादाचा चेहरा मी बघत होते, कपाळावर घाम होता, पण मान बरोबर हलत होती.

चार प्रश्न सरळ गेले. पाचवा ऑर्बिटलचा. तीळने सुरेख उत्तर दिलं, ठिपके, दाट, विरळ, मधली जागा चुकवून. आणि मी ते तोंडाने सांगताना काय म्हणाले असेन? ‘इलेक्ट्रॉन केंद्राभोवती फिरतो.’ कसं निघालं देव जाणे. दीड महिना ज्या शब्दाला घाबरून होते तोच तोंडातून आला, आणि मला त्याचा पत्ताही नाही. तीळला तर कळणं शक्यच नव्हतं. प्राध्यापकांनी पेन उचललं.

दादा एकदम म्हणाला, “थांबा. ती फिरतो म्हणाली नाही.”

प्राध्यापक म्हणाले, “पण बाई तर…”

“बाईंच्या तोंडून गेलं, मी ऐकलं. मुलीच्या हातात फिरणं कुठेच नव्हतं. तिला पुन्हा करायला सांगा आणि तुम्ही बाईंकडे बघू नका, बोटांकडे बघा.”

तीळने पुन्हा केलं. प्राध्यापक टेबलावर पुढे वाकून बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच हवेत दोन-चार ठिपके देऊन बघितले आणि म्हणाले, हे माझ्या फळ्यावरच्या चित्रापेक्षा बरं आहे. चाळीसपैकी चौतीस. पुढच्या आठवड्यात ऑर्बिटल शिकवायला ते तीळलाच वर्गासमोर उभं करणार आहेत.

वहिनी, दादाने तिचे हात नुसते पाहिले असते तर चूक कळली नसती, आणि मला नुसतं ऐकलं असतं तरी नसती. त्या खोलीत दोन्ही करणारा तो एकटाच होता.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तीळने दादाला थांबवलं. अंगठा जिभेला लावल्यासारखा केला आणि तळहातावर ठप्प दाबला. दादाला वाटलं ती क्वांटमची उजळणी करतेय. तो म्हणाला, चाटायचं काढून टाकलं होतं ना? मी त्याला सांगितलं, अरे, ते चाटणं तुझ्यासाठी परत आणलंय. ते तुझं नाव आहे. त्याने खिशातून रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसत बसला. मला नाव मिळायला चार वर्षं लागली होती, याला तीन महिन्यांत मिळालं. मी जळतेय असं त्याला सांग.

तुझी नणंद


२१ नोव्हेंबर

टिटवीताई,

तुझं पत्र मी यांच्यासमोर दोनदा मोठ्याने वाचलं. दुसऱ्या वेळी म्हणाले, एवढं ओरडून वाचायला मी काय बहिरा आहे? मग स्वतःच हसले. गवंडी येऊन गेला, म्हणजे ती सबब अगदीच खोटी नव्हती. परवा ते पोस्टात गेले होते. येताना तिकिटांची अख्खी पट्टी घेऊन आले आणि तीळला पत्र लिहायला बसले. प्रत्येक तिकीट चाटून लावतात, बाजूला ओला स्पंज असूनसुद्धा.

नकाशाचं सांगते. आल्यापासून सहा दिवस मला एकही ठिपका देता आला नाही. खण बघितला, खिडकी बघितली, बूट झटकले. वस्तू हरवल्याशिवाय सापडणार कशी? आज सकाळी मी स्वयंपाकघरात कणिक मळत होते. नळ चालू होता. हे बाहेर खुर्चीत वाचत बसले होते. मी आपली स्वतःशीच पुटपुटले, आज खुर्चीवर ठिपका द्यायला हरकत नाही.

बाहेरून आवाज आला, “एका ठिपक्यावरून अनुमान काढू नये.”

मी पिठाच्या हातानेच पेन्सिल घेतली.

वहिनी